रोज एक मिलिमीटर : पुण्यातल्या एका हॅन्ड थेरपी केंद्राचा अनुभव

३१ मे २०२४ला मी निवृत्त झाले. ज्युनियर कॉलेजात बत्तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. ११ जूनला, पावसाची पहिली मोठी सर येऊन गेल्यावर, आमच्या साताऱ्याच्या घराच्या मागच्या शेवाळलेल्या पायरीवरून पाय सटकला आणि उजवा दंड मधोमध मोडला. हाड मोडलंय हे दवाखान्यात जायच्या आधीच कळलं होतं. पण रिक्षात बसताना पदर सावरायला गेले तर मनगट वर येईना. पंजा खाली लोंबत होता. मूठ वळत होती, उघडत नव्हती. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या पाठीमागच्या कातडीवर हात फिरवला तर तिथे काहीच लागत नव्हतं. तेव्हाच मनात आलं, रेडिअल नर्व्ह गेली.

ही नस दंडाच्या हाडाला मागून वळसा घालून, हाडाला अगदी चिकटून खाली येते. हाड तिथे मोडलं की साधारण आठ-नऊ जणांत एकाच्या तरी नसेला इजा होते. हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण आपलाच हात टेबलावर ठेवून तो उचलता येत नाही, हा अनुभव पुस्तकात नसतो.

जुलै २०२४ ते एप्रिल २०२५ मी पुण्यात कर्वे रस्त्याच्या एका आतल्या गल्लीतल्या हॅन्ड थेरपी केंद्रात जात होते. त्या केंद्राबद्दल लिहायचं आहे. केंद्राचं नाव मी देत नाही, कारण ते चालवणाऱ्या थेरपिस्ट मॅडमकडे टेबलं दोनच आहेत, मदतनीस एक, आणि त्यांनीच तशी विनंती केली. त्यांच्याकडे पेशंट सर्जनच्या चिठ्ठीवर येतात, त्यामुळे ज्याला गरज असेल त्याला पत्ता मिळेल. पण तुम्ही कोणत्याही गावात, कोणत्याही केंद्रात जाणार असाल तरी काय बघायचं, हे या लिखाणातून कळावं एवढी इच्छा आहे.

आधीचं थोडक्यात सांगते. १३ जूनला हाडात प्लेट बसवली. सर्जननी नस डोळ्यांनी पाहिली होती : अखंड होती, पण चेचलेली, निळसर. हाडाचं काम त्यांनी उत्तम केलं. नसेबद्दल विचारलं की मात्र एकच उत्तर मिळायचं : "येईल हळूहळू." किती हळू, कुठून कुठे, नाही आली तर काय, कशालाच उत्तर नव्हतं. डिस्चार्जच्या वेळी मेडिकल स्टोअरमधून ४५० रुपयांचा तयार स्प्लिंट आणायला सांगितलं. कापडी पिशवीत अॅल्युमिनियमची पट्टी घातलेला असतो, तो. तो तळहाताखालून येतो, मनगट उचलून धरतो, पण निम्मा तळहात झाकून टाकतो. त्यात भाजी धरता येत नाही, पेन धरता येत नाही, आणि बोटं उघडण्याचा प्रश्न तसाच राहतो. जवळच्या एका ठिकाणी सतरा दिवस रोज वीस मिनिटं करंट घेतला. कशासाठी, कोणत्या स्नायूला, किती दिवस, हे एकदाही कोणी सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा "डॉक्टरांनी लिहिलंय" एवढंच ऐकू आलं.

घरी येणाऱ्यांचं वेगळंच. कोणी म्हणालं लकवा आहे, कोणी म्हणालं हातावरून वारं गेलं. आपल्या मराठीत रक्तवाहिनीलाही नस आणि चेतातंतूलाही नसच म्हणतात, त्याचा मला या काळात फार त्रास झाला. नस म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे नळी येते, आणि नळी तुंबली असेल तर चोळून मोकळी होईल असं वाटतं. मोठ्या जाऊबाईंनी प्रेमाने महानारायण तेलाची बाटली आणली. त्यांना दुखवायचं नव्हतं, म्हणून खांद्याला चोळून घेतलं. दंडाला हात लावू दिला नाही.

आता केंद्राकडे येते. पहिली भेट १६ जुलैची. या माणसांचं वेगळेपण मला त्या दिवशीच दिसलं, म्हणून ती भेट सविस्तर लिहिते.

मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या, पस्तिशीच्या आतल्या. हाताला हात लावायच्या आधी त्यांनी कागद मागितले : शस्त्रक्रियेची नोंद, एक्सरे, १० जुलैला केलेल्या ईएमजीचा रिपोर्ट. ईएमजीत स्नायूत बारीक सुई घालून त्यातल्या विजेच्या लहरी बघतात. इजा झाल्यावर तीन-एक आठवडे थांबून ही तपासणी करतात, कारण तुटलेल्या तंतूचा पुढचा भाग मरायला आणि त्याची खूण स्नायूत उमटायला तेवढा वेळ लागतो. रिपोर्ट वाचून त्यांनी माझ्यापुढे एक विजेची जाड वायर ठेवली. वरचं रबर सोललेली, आत तांब्याच्या तारा असलेली.

"काकू, तीन गोष्टी होऊ शकतात. वायर दबली, पण आतल्या तारा शाबूत : काही आठवड्यांत करंट परत येतो. रबर शाबूत, आतल्या तारा तुटल्या : त्या नव्याने वाढाव्या लागतात, पण रस्ता तयार असतो. आणि रबरासकट सगळं तुटलं : मग शिवल्याशिवाय इलाज नाही. तुमचं दुसरं आहे."

हे वर्गीकरण हर्बर्ट सेडन यांनी १९४३मध्ये, युद्धात जखमी झालेल्यांवर उपचार करता करता मांडलेलं. न्यूराप्रॅक्सिया, अॅक्सोनॉटमेसिस, न्यूरॉटमेसिस ही त्यांची नावं. नावं मी ऐकून होते. पण "तुमचं दुसरं आहे" हे वाक्य मला त्या दिवशी पाच आठवड्यांत पहिल्यांदा मिळालं.

मग त्यांनी शिंप्याकडे असते तशी टेप काढली. एक्सरेत हाड कुठे मोडलंय ते बघून दंडावर त्या जागी पेनाने रेघ मारली. तिथून कोपराच्या वर जिथे नस पहिल्या स्नायूत शिरते तिथपर्यंत मोजलं : ९ सेंटिमीटर. मनगट उचलणाऱ्या स्नायूपर्यंत १२. बोटं उघडणाऱ्यापर्यंत २०. अंगठा उचलणाऱ्यापर्यंत २६. हे सगळं एका पांढऱ्या कार्डावर लिहिलं, आणि समोर तारखा घातल्या.

"पहिला महिना तयारीचा सोडून देऊ. त्यानंतर रोज एक मिलिमीटर. नऊ सेंटिमीटर म्हणजे नव्वद दिवस. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात हा पहिला स्नायू हलायला हवा. महिनाभर पुढेमागे होईल. त्यानंतरही हलला नाही, तर मी तुम्हाला इथे बसवून ठेवणार नाही. सर्जनकडे परत पाठवीन."

नोव्हेंबरच्या सुरुवातीला मनगट, जानेवारीअखेर बोटं, मार्चअखेर अंगठा. ते कार्ड अजून माझ्या पर्समध्ये आहे. त्यावरचं शेवटचं वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटतं : वाट किती बघायची आणि कधी थांबायचं, दोन्ही त्यात होतं. नसेच्या बाबतीत उगाच वाट बघणं परवडत नाही. स्नायू फार काळ नसेविना राहिला तर आक्रसत जातो, आणि वर्ष-दीड वर्ष उलटल्यावर नस पोचली तरी त्याला ती धरता येत नाही. तंतूंच्या रिकाम्या पडलेल्या वेष्टनांतल्या ज्या श्वान (Schwann) नावाच्या पेशी नव्या तंतूला वाट दाखवतात, त्याही हळूहळू थकतात.

बेडकाची जीभ मी कितीतरी मुलांना दाखवली असेल. पुढच्या बाजूने जोडलेली, मागे दुमडलेली. लंडनमध्ये ऑगस्टस वॉलर यांनी १८५०मध्ये त्याच जिभेच्या नसा कापून पाहिल्या, आणि कापलेल्या जागेच्या पुढचा भाग सगळा विरघळतो, मागचा, म्हणजे पेशीला जोडलेला भाग टिकतो, हे दाखवलं. मनगट लोंबत होतं ते यामुळेच. ती नस चालवणाऱ्या पेशी माझ्या मानेतल्या मज्जारज्जूत सुखरूप होत्या. दंडापासून पुढचं सगळं विरून गेलं होतं, आणि नव्याने बांधायचं होतं. कारखाना मानेत आणि बांधकाम कोपरावर. लागणारी प्रथिनं तिथून इथवर तंतूच्या आतून सरकत येतात, आणि त्यातला सगळ्यात सावकाश जाणारा माल दिवसाला काही मिलिमीटरच चालतो. ही चाल मालिश करून वाढत नाही, करंट देऊनही नाही.

दर भेटीत मॅडम एक गोष्ट न चुकता करायच्या. माझा हात उशीवर ठेवून, मनगटाच्या बाजूने सुरुवात करून, बोटाच्या टोकाने नसेच्या मार्गावर हलकेच टकटक करत वर यायच्या. टक, टक, टक. काही नाही, काही नाही, आणि मग एका जागी अंगठ्याच्या मागच्या बधिर कातडीत मुंग्यांची सरकन लहर जायची. हात दंडावर वाजतोय आणि मुंग्या अंगठ्याला, असं. नव्या तंतूंची कोवळी टोकं जिथवर पोचलेली असतात तिथे टकटक केली की ती तक्रार करतात. त्या जागी निळ्या बॉलपेनची फुली, कोपराच्या हाडापासून अंतर, कार्डावर तारीख. १६ जुलै आणि ६ ऑगस्ट या दोन फुल्यांमध्ये २२ मिलिमीटर होते. एकवीस दिवस, बावीस मिलिमीटर. मी त्या दिवशी स्वारगेटला येईपर्यंत तो आकडा मनात घोळवत होते. एसटीत बसल्यावर यांना फोन करून सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे चांगलं ना?" चांगलं म्हणजे काय, अहो, माझ्या आत काहीतरी चालतंय याचा तो पहिला पुरावा होता. हात तर तसाच लोंबत होता.

या टकटकीला टिनेलची खूण म्हणतात. १९१५मध्ये फ्रान्समध्ये ज्यूल टिनेल आणि जर्मनीत पॉल हॉफमन, दोघांनी वेगवेगळं हेच लिहिलं. एकमेकांशी लढणारे दोन देश, दोन्हीकडे जखमी सैनिक, आणि दोन्हीकडचे डॉक्टर आपापल्या सैनिकांच्या हातावर बोटाने टकटक करून नस कुठवर आली ते बघताहेत. यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत. आधीच्या ठिकाणी हे कोणी केलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

तिसऱ्या भेटीत मी विचारलं, "हा रोज एक मिलिमीटर काढला कोणी?"

मॅडम म्हणाल्या, "दुसऱ्या महायुद्धात ऑक्सफर्डला एक गट होता. मेडावार, गुटमन, आणि यंग नावाचे एक झूऑलॉजिस्ट. जे. झेड. यंग."

मी तर चकितच झाले. १९८८मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. करताना ग्रंथालयात ज्या जाडजूड 'द लाइफ ऑफ व्हर्टिब्रेट्स'साठी आम्ही रांगा लावायचो, त्याचेच हे यंग. कणा असलेल्या प्राण्यांवरचं त्यांचं ते पुस्तक आणि म्हाकुलाचा (स्क्विडचा) तो प्रसिद्ध राक्षसी चेतातंतू, एवढीच माझ्याकडे त्यांची ओळख होती. त्यांनी नसा तोडून, त्या किती वेगाने वाढतात हे मोजण्यात कित्येक वर्षं घालवली, हे मला बत्तीस वर्षं शिकवूनही माहीत नव्हतं. त्या महिन्यात डाव्या हाताने पानं उलटत मी जे मिळेल ते वाचून काढलं.

यंग १९०७ साली ब्रिस्टलला जन्मले. तरुणपणी इटलीत नेपल्सच्या सागरी संशोधन केंद्रात गेले आणि तिथे एन्रिको सेरेनी यांच्याबरोबर ऑक्टोपसच्या जातभाईंच्या नसा कापून त्या परत कशा वाढतात यावर काम केलं; ते १९३२मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे राक्षसी तंतूच्या आधीपासून नसेची दुरुस्ती त्यांच्या डोक्यात होती. आपल्याकडे मालवणच्या बाजारात म्हाकुलं मिळतात, ती साफ करताना मांसल पिशवी उलटी केली की आतल्या बाजूला चांदणीसारख्या पसरलेल्या नसा दिसतात. त्यातल्या सगळ्यात जाड धाग्याला लोक रक्तवाहिनी समजत. यंग यांनी १९३६मध्ये दाखवलं की तो एकच एक चेतातंतू आहे, जवळजवळ एक मिलिमीटर जाडीचा. माणसातला जाडातला जाड तंतू त्याच्या पन्नासाव्या हिश्शाइतका भरतो. हॉजकिन आणि हक्सली यांनी पुढे त्याच तंतूवर चेतासंदेश म्हणजे नेमकं काय ते उलगडलं आणि १९६३ला नोबेल मिळवलं. हा भाग मी दरवर्षी वर्गात रंगवून सांगायची.

वर्गात सांगायचं राहिलं ते पुढचं. युद्ध सुरू झालं, हातापायाच्या नसा तुटलेले सैनिक येऊ लागले, आणि डॉक्टर नसलेल्या या प्राणिशास्त्रज्ञाने ऑक्सफर्डच्या आपल्या विभागात नसांच्या दुरुस्तीचं काम हाती घेतलं. पीटर मेडावार यांच्याबरोबर १९४०मध्ये त्यांनी रक्तद्रवातल्या फायब्रिनचा गोंद करून नसेची टोकं चिकटवण्याची पद्धत मांडली. टाक्याने तंतू विस्कटतात, गोंदाने तोंडाला तोंड लागून राहतं. आजही नसांच्या शस्त्रक्रियेत फायब्रिनचा गोंद वापरतात. मग १९४२मध्ये चौघांचा मिळून नसेच्या वाढीच्या वेगावरचा लेख आला. सशाच्या पायाची नस चिमट्याने चेचायची, काही दिवसांनी उघडायची, आणि खालच्या टोकाकडून वरवर हलके चिमटे घेत यायचं. ससा जिथे पहिल्यांदा पाय आखडेल तिथवर नवे तंतू पोचले. मिलिमीटर मोजायचे, दिवसांनी भागायचं. उत्तर आलं रोज चार मिलिमीटरहून थोडं जास्त. पुढच्या वर्षी सेडन, मेडावार आणि स्मिथ यांनी माणसांवर मोजणी केली : दिवसाला एक ते दीड.

वाचता वाचता थांबले. खालून वर, हलके हलके, पहिली प्रतिक्रिया येईल तिथे खूण : मॅडम माझ्या दंडावर हेच तर करत होत्या. माझ्या दंडावरच्या फुल्या त्या सशांच्या पायातून आल्या होत्या.

त्या चार लेखकांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. अर्न्स्ट गुटमन चेकोस्लोव्हाकियातून आलेले, युद्धानंतर प्रागला परतले. मेडावार पुढे अवयवरोपणाच्या शास्त्राकडे वळले, १९६०ला नोबेल. चौथे लुडविग गुटमन, नाझी जर्मनीतून जीव वाचवून आलेले ज्यू डॉक्टर. त्यांनी १९४४पासून स्टोक मँडव्हिलला मज्जारज्जूची इजा झालेल्यांचं केंद्र चालवलं आणि १९४८मध्ये लंडन ऑलिम्पिक सुरू झालं त्याच दिवशी चाकाच्या खुर्चीतल्या १६ जणांच्या स्पर्धा घेतल्या. पॅरालिम्पिकचं मूळ ते. आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर, १९६५च्या युद्धात गोळ्या झेललेले, १९७२ला हायडेलबर्गमध्ये ५० मीटर पोहून भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण घेऊन आले ते याच परंपरेत. यंग स्वतः १९४५ला लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक झाले, १९७४पर्यंत तिथे होते, आणि ऑक्टोपसच्या स्मरणशक्तीकडे वळले. १९९७ला गेले. मला त्यांना एक पत्र लिहायला फार आवडलं असतं.

आता स्प्लिंट. या केंद्राची खरी कारागिरी तिथे आहे. प्लास्टिकचा पांढरा पत्रा असतो, तो कढईसारख्या पसरट भांड्यात सत्तर-एक अंशांच्या पाण्यात टाकला की मिनिटभरात पापडाच्या लाटीसारखा मऊ पडतो. टॉवेलवर टिपून, माझ्या कोपराखालच्या हातावर आणि मनगटाच्या वरच्या बाजूने तो अंथरला. ऊब छान वाटत होती. तीन-चार मिनिटांत घट्ट झाला, कात्रीने कडा कापल्या, कडा पुन्हा गरम करून बोटाने गोल केल्या. मग पुढे पितळी तारेचा छोटा सांगाडा, आणि त्यावरून नायलॉनचे दोरे, प्रत्येक दोऱ्याच्या टोकाला बोटाच्या मुळाखाली बसणारा कातडी फासा.

यातली युक्ती अशी की दोऱ्याची लांबी ठरलेली असते. मी मूठ वळली की दोरे ताणले जाऊन मनगट आपोआप वर येतं. मूठ सैल सोडली, मनगट आपल्या वजनाने खाली गेलं, की तेच दोरे बोटांना उचलून उघडतात. मूठ वळवायच्या स्नायूंची नस वेगळी, ती माझी शाबूत होती. म्हणजे जे चालू आहे त्याच्या जोरावर जे बंद आहे ते चालवायचं. तळहात पूर्ण मोकळा. पहिल्याच दिवशी मी तिथल्या टेबलावरचा पाण्याचा पेला उचलला, प्यायले, आणि खाली ठेवून हात सोडवून घेतला. सोडवून घेतला हे महत्त्वाचं. सहा आठवडे मला वस्तू धरता येत होती, सोडता येत नव्हती. चहाचा कप डाव्या हाताने उजव्यातून काढून घ्यावा लागायचा.

घरी त्या हाताने पोळ्या लाटल्या. लाटणं फिरवायला मनगट उचललेलं लागतं आणि पोळी तव्यावर टाकायला बोटं उघडावी लागतात, दोन्ही झालं. कणीक मात्र यांनीच मळली, स्प्लिंट पाण्यापिठात घालता येत नाही.

त्रासही लिहायला हवेत. प्लास्टिकखाली घाम येतो. ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात कातडी लाल झाली, आत सुती मोजा कापून घालावा लागला. वेल्क्रोत पीठ आणि साडीचे धागे अडकून तीन महिन्यांत पकड गेली. दोरा दोनदा तुटला. दुसऱ्यांदा तुटला तेव्हा मॅडमनी व्हिडिओ कॉलवर मासे पकडायच्या दोऱ्याने बांधायला शिकवलं. आणि एक नुकसान माझ्या चुकीने झालं : गाडीत काचेजवळ स्प्लिंट काढून ठेवला, भर उन्हात तासाभराने आले तर तो वाकून बसला होता. गरम पाण्यात आकार घेणारी वस्तू गरम गाडीतही आकार घेते. परत घडवायचे त्यांनी फक्त ३०० रुपये घेतले. मूळ स्प्लिंट ५५०० रुपये, प्रत्येक भेट ६००. स्वस्त नाही. पण तयार स्प्लिंटच्या ४५० रुपयांत काहीच मिळालं नव्हतं.

केंद्र दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. हात बांधलेल्या माणसाला जिन्याचा कठडा हवा त्या बाजूला नसतो; मॅडमना हे सांगितलं, त्यांनी घरमालकाला सांगितलं, मी जाईपर्यंत काही झालं नव्हतं. वेळ घेऊन गेलं तरी पाऊण तास बसावं लागतं.

त्या पाऊण तासांत माझी बारामतीकडच्या एका मुलाशी ओळख झाली. तेवीस वर्षांचा, मोटारसायकल घसरून मानेतून हाताला जाणाऱ्या नसांपैकी काहींची मुळंच मज्जारज्जूतून उपटली गेली होती. एकदा त्याने मला विचारलं, "मॅडम, तुम्ही शिकवायच्या ना? तुमची नस वाढते, मग माझी का नाही?" सोपं उत्तर नव्हतं. हातातली नस वाढते, पण मज्जारज्जूच्या आत शिरलं की तंतू अडखळतात. स्पेनच्या काहाल यांनी शंभर वर्षांपूर्वीच हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ठेवलं होतं. मी त्याला मॉन्ट्रिअलच्या सॅम्युअल डेव्हिड आणि अल्बर्ट अग्वायो यांचा १९८१चा प्रयोग सांगितला. उंदराच्या पायातली नस काढून ती मेंदूच्या तळापासून मज्जारज्जूपर्यंत पुलासारखी बसवली, तर आतले तंतू त्या पुलातून तीन सेंटिमीटर चालत गेले. म्हणजे तंतूंत वाढायची ताकद आहे, भोवतालची जागा त्यांना वाढू देत नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग जागा बदलणारं औषध?" ते शोधताहेत, अजून हातात नाही, असं खरं ते सांगितलं.

त्याच्यावर दुसऱ्या मार्गाने उपचार झाले होते. पंजाकडे जाणाऱ्या चांगल्या नसेतले थोडे तंतू काढून दंडाच्या बेडकुळीच्या नसेला जोडले होते. एका फ्रेंच सर्जनने १९९४मध्ये मांडलेली ही शस्त्रक्रिया. नोव्हेंबरात माझ्यासमोर त्याचा कोपर पहिल्यांदा वाकला. मॅडम म्हणत होत्या, "मूठ आवळ, घट्ट आवळ," आणि मूठ आवळली की बेडकुळी फुगत होती, कारण मेंदूच्या लेखी ती अजून मुठीचीच नस होती. कोपर वाकवायचा विचार करून तो वाकवणं त्याला पुढे महिनोन्महिने शिकावं लागलं. मॅडमनी त्याच्यासाठी सव्वा तास दिला, मी थांबले, माझी गाडी चुकली. त्याबद्दल माझी अजिबात तक्रार नाही.

माझा पहिला स्नायू १७ ऑक्टोबरला हलला. कार्डावरच्या तारखेपेक्षा आठवडाभर उशिरा. कोपर काटकोनात, अंगठा वर, मॅडमनी मनगटावर दाब दिला आणि म्हणाल्या, "मला ढकला." कोपराखालच्या हाताच्या वरच्या कडेला कातडीखाली दोरीसारखं काहीतरी उभं राहिलं आणि लगेच विरलं. त्यांनी माझा डावा हात धरून त्यावर ठेवला. "पुन्हा." पुन्हा उभं राहिलं. मनगट १५ नोव्हेंबरला, आधी टेबलावर आडवं ठेवून सरकवण्यापुरतं, मग उचलण्यापुरतं. बोटं ६ फेब्रुवारीला. अंगठा १० एप्रिलला. प्रत्येक वेळी कार्डावर हिरवी खूण आणि आजची तारीख, जुन्या तारखेच्या शेजारी.

आज हात नव्वद टक्के आहे असं मॅडम म्हणतात. मला स्वतःला पंचाऐंशी वाटतो. तर्जनी एकटी सरळ धरली की थरथरते. अंगठ्यामागची कातडी अजून जाडसर लागते. खडू धरून फळ्यावर वर्तुळ काढता येतं, मी शेजारच्या मुलांच्या शिकवणीत काढून पाहिलं.

कोणी जाणार असेल तर : शस्त्रक्रियेची नोंद, एक्सरेची मूळ फिल्म आणि ईएमजीचा पूर्ण रिपोर्ट घेऊन जा, नुसता निष्कर्ष असलेलं पान चालत नाही. ब्लाउज किंवा शर्ट अर्ध्या बाहीचा घाला, दंड मोकळा लागतो. मंगळवारी आणि शुक्रवारी गर्दी कमी असते. आणि तुम्ही दुसरीकडे कुठे जात असाल, तर पहिल्याच भेटीत विचारा : माझी नस कुठे आहे, पहिला स्नायू किती सेंटिमीटरवर आहे, आणि तो कोणत्या महिन्यात हलायला हवा. टेप काढून मोजून दाखवणारं माणूस मिळालं, तर तिथेच थांबा.